काकूंचं ‘हो’

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो, ते विश्वास ठेवायला नाही, चुका काढायला. बहुतेकांत लाइट गेलेली असते, अमावस्या असते आणि सांगणाऱ्याची झोप झालेली नसते. भुतांना उजेडात, पोटभर जेवलेल्या माणसासमोर यायला काय होतं, असा माझा जुना प्रश्न होता. उत्तर सेलूत मिळालं. भर दुपारी, जेवण झाल्यावर, लाइट असताना. आता माझ्याच अनुभवात चुका काढायला बसतो आणि सापडत नाहीत...

परभणीत माझं होम थिएटरचं काम आहे. प्रोजेक्टर, स्पीकर, पडदा, दिवे, एसी, स्ट्रीमिंगचा बॉक्स ही सगळी एकमेकांची भाषा न कळणारी मंडळी. त्यांना एका कंट्रोलरच्या हाताखाली आणायचं आणि एका बटणावर नांदायला लावायचं, हा धंदा. भुताखेतांना यात जागा नाही. बिघाडाला कारण असतं, आणि बहुतेक वेळा ते सैल झालेली वायर असतं.

सेलूचे नाना जिनिंगवाले. त्यांनी नव्या बंगल्यात थिएटर काढलं. छताला सोनेरी कमळ, दाराशी प्लास्टरचे सिंह, खांब असे की रोमन बादशहा आडत दुकानाला आल्यासारखा वाटावा. उद्घाटनाला पुढारी बोलावले, फ्लेक्स लावला, नारळ फुटला. पुढाऱ्यांनी टॅबलेटवरचं ‘सिनेमा’ हे बटण दाबलं. दिवे मंदावले, पडदा सरकला, प्रोजेक्टर पेटला... आणि पुढे काहीच नाही. निळा पडदा आणि टाय घातलेला मी.

घरातल्या बायकांनी प्रत्येक यंत्राची पूजा केली होती. स्ट्रीमिंग बॉक्सला समोर एक बारीक डोळा असतो. कंट्रोलरचा हुकूम त्याला त्या डोळ्यातून दिसतो. ओल्या कुंकवाचं स्वस्तिक बरोबर त्या डोळ्यावर आलं होतं. मी रुमालाने पुसलं आणि सिनेमा लागला. दारामागून नानांच्या बायकोचा, काकूंचा, आवाज आला, “तुमचा थाट बघून देवानंच डोळे झाकून घेतले, पुढारी काय करतील!” सगळे हसले. नाना सोडून.

काकूंचं बोलणं मी ऐकलं ते तेवढंच. पुढच्या उन्हाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. थिएटरातल्या डझनभर खुर्च्यांपैकी एकच वापरात राहिली. दुपारी सूनबाई काकूंना तिथे बसवायची आणि एक लांबलचक कौटुंबिक मालिका लावून द्यायची.

अडचण एकच होती. काही भाग झाले की बॉक्स थांबतो आणि विचारतो: ‘तुम्ही अजून पाहत आहात का?’ त्या घरात काकूंना इतक्या अदबीने कोणी काही विचारल्याचं मला आठवत नाही. पण उत्तर द्यायला रिमोट लागतो, आणि रिमोटची बटणं डाव्या हाताला जमत नव्हती. मी दाराच्या घंटीचं मोठं बटण आणलं, खुर्चीच्या हाताला बसवलं आणि कंट्रोलरला जोडलं. दाबलं की पडद्यावर ‘हो’ निवडलं जायचं. माझ्या सगळ्या कारकिर्दीतलं सगळ्यात साधं काम... आणि काकूंचं उरलेलं सगळं बोलणं.

काकू गेल्या पावसाळा संपता संपता. दसऱ्यानंतर नानांचा फोन आला.

“ओ इंजिनेर, इकडं या. ती हो म्हणायलीय.”

“कोण?”

“कोण म्हणजे? तुमची काकू.”

मी गेलो. दुःखात माणसाला काहीही दिसतं हे मला मान्य होतं. चिकटलेलं बटण त्याला मदत करतं, हेही. नाना दसऱ्यापासून रोज दुपारी तीच मालिका लावून काकूंच्या शेजारच्या खुर्चीत बसत होते. मुलगा महेश मला व्हरांड्यातच म्हणाला, “काका, काय बिघाड आहे तो काढा. नाना सारखे तिथेच बसतात, जिनिंगवर येत नाहीत.”

सूनबाईने मोबाइलवरून, वायफायने, मालिका लावून दिली. “रिमोट चालंना झालाय, म्हणून असं लावते,” म्हणाली. त्याच वेळी माझ्या डोक्यात दिवा पेटायला हवा होता. मी घरातले सगळे फोन, माझासुद्धा, बाहेर जेवणाच्या टेबलावर ठेवायला लावले. रिमोटचे सेल काढले. खुर्चीच्या बटणाच्या दोन्ही वायरी कंट्रोलरमधून उपटून हातात घेतल्या. मग नानांच्या पलीकडे बसलो. मधली काकूंची खुर्ची रिकामी.

मालिकेत एक सासू बराच वेळ दारात उभी होती. भाग संपला, दुसरा झाला, मग प्रश्न आला. ‘तुम्ही अजून पाहत आहात का?’

मी नानांकडे बघितलं. दोन्ही हात मांडीवर. माझ्या हातात वायरी. प्रश्न तसाच. मी मनात म्हटलं, बघा, काही नाही. तोंड उघडणार तोच नाना हळूच म्हणाले, “थांबा की. तिला येळ लागतो.”

आणि ‘हो’भोवतीची चौकट दाबल्यासारखी उजळली. मालिका पुढे सुरू झाली.

मी उठलो, यंत्रं ठेवलेल्या कपाटाशी गुडघ्यावर बसलो आणि बॉक्स बाहेर ओढला. डोळ्यावर वाळलेल्या कुंकवाचा जाड थर, वर अक्षता चिकटलेल्या. घरात दुखवटा होता, सण केला नव्हता. पण खंडेनवमीला यंत्राला कुंकू लावायचं कोण सोडतं? म्हणजे रिमोट बंद होता, तो त्यामुळे. म्हणजे बटणाच्या वायरी जागेवर असत्या तरी कंट्रोलरचा हुकूम त्याला दिसला नसता. बॉक्स आंधळा होता, आणि त्याने आत्ता माझ्यासमोर कोणाचं तरी ऐकलं होतं.

अशा वेळी माणूस काय करतो? जे रोज करतो तेच. मी खिशातून रुमाल काढला आणि कुंकू पुसलं. वायरी जागेवर बसवल्या, चाचणी घेतली. सगळं व्यवस्थित चालत होतं.

त्या आठवड्यातच पुन्हा फोन. “काय केलंत तुमी? ती बोलंना झाली.”

यंत्र बिघडलंय म्हणून लोक मला बोलावतात. ते पुन्हा होतं तसं बिघडवून द्या म्हणून बोलावणारे नाना पहिलेच. मी नाही म्हणालो नाही. वायरी उपटल्या, सेल काढले, फोन बाहेर ठेवले. सूनबाईला हाताला धरून आणलं. तिने त्याच करंड्यातलं कुंकू, तसंच ओलं करून, त्याच जागी लावलं. अक्षतासुद्धा. दर खेपेला प्रश्न यायचा, नाना मान पुढे काढून बघत राहायचे, आणि पडदा काळा व्हायचा. मी इतक्या मनापासून कुठलीही दुरुस्ती केलेली नाही.

नानांनी जेवण टाकलं. महेश मला गच्चीवर घेऊन गेला. “काका, तुमच्या मोबाइलवरून चालतो ना तो बॉक्स? एकदा हो म्हणा. दोन घास खातील तरी.”

मी म्हटलं, “हे बरोबर नाही.”

“बरोबर काय करायचंय मला? तो माणूस संपायलाय, काका.”

त्या दुपारी मी फोन बाहेर ठेवला नाही. प्रश्न आला. मी खिशात अंगठा दाबला. ‘हो’ उजळलं, मालिका पुढे गेली. नाना हलले नाहीत. सासू पुन्हा दारात आली.

“हे तुमी केलंत,” नाना म्हणाले.

“कशावरून?”

“लवकर झालं. तिला हात उचलून बटणावर आणायला लय येळ लागायचा. मी शेजारी उभा राहून बघायचो. मदत करायला गेलं की डोळे वटारायची.” मग म्हणाले, “तुमचा दोष न्हाई. पोरानं सांगितलं असंल. बंद करा आता.”

मी बंद केलं. त्या खोलीतून बाहेर पडताना प्लास्टरच्या सिंहांकडे बघवलं नाही.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. मी तसाच दुसरा बॉक्स घरी आणला, डोळ्यावर कुंकू थापलं, महिनाभर मालिका बघितली. बॉक्स विचारतो आणि उत्तर नाही मिळालं की झोपतो. बनवणाऱ्यांनी सांगितलंय तसंच. काही जण म्हणतील, त्या दिवशी तुम्हाला भास झाला. मीही लोकांना हेच सांगत आलो, आणि ते ऐकायला किती सोपं असतं ते आता कळतं. सुरू का झालं ते सांगता येत नाही, याचं मला फार वाटत नाही. बंद का झालं, ते तरी कोणी सांगावं.

महेश परवा परभणीत भेटला. नाना थोडंफार खातात म्हणाला. दुपारी अजून तिथेच बसतात. काकूंनी शेवटचं ‘हो’ म्हटलं तो भाग लावतात आणि प्रश्न आला की हात मांडीवर ठेवून थांबतात. पडदा काळा होतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच भाग. मालिका त्याच्या पुढे गेलेली नाही.