डावं चाक की उजवं

मेनुंग गावात फू तेंगश्यांग मिस्त्रीच्या कानांचा दबदबा होता. गाडी वळणावर आली की गॅरेजच्या पायरीवरून तो सांगायचा, घरघर कुठल्या चाकाची. चाळीस वर्षं धंदा त्यावरच चालला. सत्तरीला टेकल्यावर कान दगा देऊ लागले आणि ते त्याने बायकोपासूनही लपवलं. कळलं तर दारात कोण येणार, या धास्तीने त्याला अन्न गोड लागेना.

अशात तांदळाच्या शेवया विकणारी ल्यू क्वेईमेई आपली वीस वर्षांची व्हॅन घेऊन आली.

"मागून घरघरतेय, मिस्त्री. परवाचा बाजार गाठायचाय."

मिस्त्री व्हॅन घेऊन चक्कर मारून आला. बेअरिंग गेलंय एवढं कळलं, बाजू काही कळेना. जॅक लावून हाताने तपासता आलं असतं, पण कानांच्या घमेंडीत ती सवयच मोडली होती. मग तो गुपचूप शेजारच्या भूमिदेवाच्या देवळात गेला आणि लाकडाचे दोन तुकडे जमिनीवर टाकून कौल लावला. "डावं का, देवा?" एक तुकडा पालथा, एक उताणा पडला. म्हणजे होय. त्याने डावं बेअरिंग बदललं.

दुसऱ्या दिवशी क्वेईमेई परत हजर. घरघर जशीच्या तशी.

त्याची बायको युनमेई भाजी निवडत होती. "काल देवळात कौल लावताना ऐकलं मी तुम्हाला. देवाला पिकापाण्याचं विचारावं. बेअरिंगचं काय विचारता? जन्मात गाडीत बसलाय का तो?"

मिस्त्रीने पाना खाली ठेवला. "क्वेईमेई, मला नीट ऐकू येत नाही गं."

"ते गावाला दोन वर्षं माहितीय. सगळे तुमच्याशी ओरडून का बोलतात, काय वाटलं तुम्हाला?"

"मला वाटलं, लोक चिडके झालेत."

"आणि मी समजत होते, यांना फक्त माझंच ऐकू येत नाही," युनमेई म्हणाली आणि तिघंही हसत सुटले. मिस्त्रीच्या छातीवरचं ओझं उतरलं.

त्याने व्हॅनची मागची बाजू जॅकवर उचलली आणि चाकाजवळच्या स्प्रिंगवर तळहात ठेवला. युनमेईने चाक फिरवलं. डावं लोण्यासारखं फिरलं. उजवीकडे हाताखाली जाडा रवा चोळल्यासारखं खरखरलं. चाकाचा हब काढून त्याने जुनं बेअरिंग ठोकून बाहेर काढलं, नवं प्रेसवर दाबून बसवलं आणि पुन्हा हात ठेवून खात्री केली.

क्वेईमेई गेली, तरी तो हात पुसत रस्त्याकडे बघत राहिला. दोन वर्षं सगळ्या गावाला माहीत होतं, आणि तरी गाड्या त्याच्याच दारात येत होत्या.