कालिकेच्या दारात पेटलेला दिवा

देवी संकटात धावून येते, असं मी लहानपणापासून ऐकत आले. पण रोज देवळाबाहेर बसून हार विकणाऱ्या माझ्यासारखीच्या मनातही कधीतरी शंका येतेच. त्या मंगळवारी ती पहाटेपासून मनात होती.

आमचा मळा मखमलाबादला. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. मुलीचे वडील मळा बघायचे, मी नाशिकच्या कालिका मंदिराबाहेर फुलांचं दुकान लावायचे. आमची ही मुलगी, शीतल, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. फुलांना पाणी कधी आणि किती द्यायचं हे सांगणारा प्रोग्राम तिने स्वतः तयार केला होता. आमच्याच मळ्यात बसून, आम्हालाच विचारून. त्या दुपारी बाहेरगावचे परीक्षक तो बघणार होते, आणि आदल्या संध्याकाळी तिचा जुना, दुसऱ्याकडून घेतलेला लॅपटॉप चार्ज होईना. कॉलेजात प्रोग्रामची आधीची प्रत होती, पण शेवटचं सगळं काम यातच अडकलेलं.

पोरगी रडत बसली नाही. दुसऱ्या प्लगला लावून पाहिलं, बॅटरी काढून पुसून परत बसवली, पिनेच्या भोकातली धूळ ब्रशने काढली. सकाळी दुकानात नेला, तर तिथला माणूस म्हणाला, "मदरबोर्ड गेला असेल. नवीनच घ्या." त्या पिनेचा दुसरा चार्जर त्याच्याकडे नव्हता. शीतल तशीच माझ्याकडे आली. मी हातातला हार खाली ठेवला, गाभाऱ्याकडे बघितलं आणि मनात म्हटलं, 'आई, तिच्या हातून होण्यासारखं तिने सगळं केलं. आता तू बघ.'

तेवढ्यात एक बाई ओटीचं सामान घ्यायला थांबल्या. खांद्याला काळी बॅग. शीतलच्या मांडीवरचा लॅपटॉप बघून म्हणाल्या, "काय झालं गं?"

"चार्जच होत नाही, ताई. दुपारी परीक्षा आहे."

त्यांनी बॅगेतून आपला चार्जर काढला. "माझाही याच कंपनीचा आहे. पिन बसते का बघ बरं."

शेजारच्या प्रसादाच्या दुकानातून आम्ही बल्बासाठी वायर घेतली होती. बल्बाचा प्लग काढून त्या जागी चार्जर लावला. लॅपटॉपच्या कडेला छोटासा केशरी दिवा लागला. शीतलने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

"म्हणजे लॅपटॉप चांगला आहे, आई! चार्जरच गेलाय!"

त्या ताई नामपूरच्या, कामानिमित्त आलेल्या. दर्शन घेऊन आल्या आणि बॅटरी भरेपर्यंत माझ्या स्टुलावर बसून राहिल्या, शेवंती निवडू लागल्या. शीतलने तेवढ्यात सगळं काम पेन ड्राइव्हवर घेतलं. निघताना मी त्यांची ओटी भरली. "अहो, मी काय केलं?" एवढंच म्हणून त्या गेल्या. नाव विचारायचं राहिलं, ते आजही मनाला लागतं.

परीक्षकांनी शीतलला विचारलं, "ही कल्पना कोणाची?" ती म्हणाली, "माझ्या आईवडिलांच्या मळ्याची." हे तिच्या मैत्रिणीने सांगितलं, तेव्हा मला गिऱ्हाइकाचे सुटे पैसे मोजता येईनात.

पुढे शीतलने जुना चार्जर तपासला. वायर पिनेजवळ वाकून वाकून आतून तुटली होती. तेवढा तुकडा कापून, कॉलेजच्या लॅबमध्ये तारा झाळून परत जोडून, वर टेप गुंडाळून तिने तो चालू केला. नवा घ्यावा लागलाच नाही. पुढे वर्गातल्या मुलीही "आधी दुसऱ्या चार्जरवर लावून बघू," म्हणत तिच्याकडे येऊ लागल्या.

देवीवर भार टाकणं म्हणजे हात बांधून बसणं नव्हे, हे मला माझ्या लेकीने शिकवलं. आपलं सगळं करून झालं की उरतं ते तिचं. आता मी गाभाऱ्यापुढे उभी राहते तेव्हा काही मागत नाही. ताठ मानेने सांगते, "आई, मी शीतलची आई." आणि मग नमस्कार करते.