खंडेनवमीला मांडलेलं रिव्हॉल्व्हर

दसऱ्याच्या सकाळी वसुमतीनं पूजेवरची झेंडूची फुलं बाजूला केली, लाल कापड उचललं, तर खाली रिव्हॉल्व्हर नव्हतं. चिमटा होता. भट्टीतून तापलेली मूस उचलायचा लांब चिमटा. त्याला हळदकुंकू लावलेलं, वर एक फूल.

"अय्यो! चोर आला, अक्का, चोर!" आरतीला आलेली शेजारची गंगव्वा ओरडली.

वसुमती चिमट्याकडे बघत राहिली. चोर असता तर उचलून पळाला असता. पूजेतलं अवजार हललं तर जागा रिकामी सोडायची नाही, दुसरं ठेवायचं आणि त्यालाही कुंकू लावायचं, ही त्यांच्या घरची रीत. या शहरात ती दोघांनाच ठाऊक. एक ती. दुसऱ्याला तिनंच शिकवलेली.

कानडी मुलखातल्या या राजाजीनगरात तिला 'गलाई अक्का' म्हणतात. विट्याजवळच्या खेड्यातून लग्न होऊन आली, तेव्हा नवऱ्याचं, श्रीरंगचं, सोनं गाळायचं, गलाईचं, दुकान म्हणजे एक भट्टी आणि एक बाकडं. घरात आईवेगळा दीर मुकुल, शाळेच्या चड्डीतला. पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं होतं, "वैनी, कन्नड येतं तुम्हाला?"

"नाही रे."

"मग दूध कसं आणणार? चला, मी येतो बरोबर."

त्यानं तिला भाषा दिली, तिनं त्याला बाकी सगळं. श्रीरंग गेला तेव्हा गावाकडची माणसं म्हणाली, दुकान दिराकडे द्या, बाईमाणसानं भट्टीपुढं बसायचं नाही. वसुमती बसली. मुकुल जमिनींच्या व्यवहारात शिरला. सराफांचं सोनं नेण्या-आणण्यासाठी श्रीरंगकडे रिव्हॉल्व्हर होतं, त्याचं लायसनही तिनं रीतसर आपल्या नावावर करून घेतलं. तेव्हा मुकुलच तिला स्कूटरवर बसवून ऑफिसात घेऊन गेला होता.

"वैनी, तुम्ही नेम धरलात की समोरचा हसूनच मरेल."

ती खूप हसली होती. याच्या मनात काही आकस नाही, म्हणून जास्तच हसली होती.

वर्षभर ते लोखंडी कपाटात असायचं, गोळ्यांचा डबा वेगळ्या कप्प्यात. फक्त खंडेनवमीला मूस, चिमटे, तराजू यांच्या रांगेत ते मांडायचं. कपाटाची किल्लीही पूजेतच. आणि एकदा पूजा झाली की दसरा उजाडेपर्यंत कशाला हात लावायचा नाही. काल पूजेनंतर मुकुल जेवला, ती आडवी झाली, तो मागून दार ओढून गेला.

ती उठून कपाटाकडे गेली. गोळ्यांचा कप्पा मोकळा होता.

"दाराला हात नको लावू!" गंगव्वा मागून म्हणाली. तीस वर्षांच्या शेजारात तिला मराठी चांगलं येऊ लागलं होतं. "बोटांचे ठसे असतात. लायसनचं पुस्तक घे, त्यात नंबर असतो. चल स्टेशनला."

"स्वल्प थांब. मुकुलला बोलावते."

"त्याला कशाला? तो काय इन्स्पेक्टर आहे?"

आपल्या तोंडानं सांगेल तो, एवढीच वसुमतीची आशा होती. आला की सांगेल.

मुकुल आला. पांढरा शर्ट, बाहेर गाडीला केळीचे खुंट बांधलेले.

"दादाचं रिव्हॉल्व्हर गेलं, मुकुल."

तो सोफ्यावर बसला. कुठून गेलं, कधी गेलं, काही विचारलं नाही. "पोलिसांत गेलात?"

"अजून नाही."

"बरं केलंत. रात्रभर उघडं ठेवलं म्हटल्यावर तुमच्यावरच केस करतील, वैनी. लायसन जाईल. थांबा जरा, मिळेल."

"कसं मिळेल?"

"मिळतं हो." त्यानं आवाज खाली आणला. "काल घरात कोण कोण होतं? ही गंगव्वा होती ना?"

गंगव्वानं हातातलं तबक आदळलं. "एनू? मी? अरे, तुझ्या आजारात रात्री जागवल्यात मी, शेंबड्या!"

"तसं नाही, अक्का, मी फक्त विचारलं—"

"चिमट्याला कुंकू कुणी लावलं, मुकुल?" वसुमतीनं विचारलं.

त्यानं गाडीची किल्ली या हातातून त्या हातात घेतली. मग हसला, लहानपणी दुधावरची साय खाऊन हसायचा तसा.

"जागा रिकामी कशी ठेवू, वैनी? तुम्हीच शिकवलंत."

"कुठंय ते?"

"गाडीत. होसकोट्याला माझ्या प्लॉटवर लोकांनी कुंपण घातलंय. आज जाऊन बोलतो. कमरेला दिसलं की माणसं नीट बोलतात. संध्याकाळी परत कपाटात."

"दाखवायला गोळ्या लागत नाहीत."

त्यानं किल्ली खिशात टाकली.

"आण इकडं. मी कुणाला सांगणार नाही. आण."

"दादाची वस्तू आहे ती. दुकान तुम्ही घेतलंत, लायसन तुम्ही घेतलंत. मला विचारलंत एकदा तरी?"

"तूच नेलंस ना मला, स्कूटरवर?"

"मग काय करायचं होतं? दारात बसून रडायचं?" तो उठला. उंबऱ्यात वाकून तिच्या पाया पडला, दसरा होता म्हणून. "संध्याकाळी सोनं द्यायला येतो. आणि तुम्ही पोलिसांत जाणार नाही, वैनी. मला माहितीय."

गाडी वळून गेली. चोरीपेक्षा हे शेवटचं वाक्य तिला लागलं. आपली सगळी माया त्यानं आपल्याविरुद्धच मोजून ठेवली होती.

"चल, गंगव्वा," ती म्हणाली.

दृष्ट काढून रस्त्यावर फोडलेल्या कोहळ्यांतून रिक्षा गचके खात स्टेशनला पोचली. सब-इन्स्पेक्टर बाई तरुण होत्या. लायसनवरचा नंबर उतरवून घेत त्यांनी कन्नडमध्ये विचारलं, "रात्रभर बाहेर? कपाटाच्या किल्लीसकट?"

"हो. चूक माझी आहे. लिहा."

"हे तुमच्यावरही येईल, अम्मा. लायसन देणाऱ्या ऑफिसलाही कळवावं लागेल."

"कळवा."

"संशय कुणावर?"

गंगव्वानं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"संशय नाही. माहीत आहे. मुकुल. माझा दीर." मग तिनं गाडीचा नंबर, होसकोट्याचा प्लॉट, गोळ्या, सगळं सांगितलं.

बाईंनी होसकोट्याच्या पोलिसांना फोन लावला, बोलल्या, आणि वसुमतीचा मोबाइल तिच्यापुढं सरकवला. "आत्ता कुठं आहे, विचारा. स्पीकरवर. नेहमीसारखं बोला."

नेहमीसारखं. तिनं घसा साफ केला.

"मुकुल? काही खाल्लंस का?"

"कुठलं, वैनी! होसकोट्याच्या अलीकडे थांबलोय, पंपाशेजारी दर्शिनी हॉटेल आहे. माणसं यायचीत अजून. रागावलात ना?"

बाईंनी पंपाचं नाव विचारायची खूण केली. वसुमतीनं विचारलं. त्यानं सांगितलं, लगेच, शाळेतून आल्यावर सगळं सांगायचा तसंच. बाईंनी ते कागदावर लिहून शिपायाला होसकोट्याला कळवायला बाहेर पाठवलं.

"सणाचा दिवस आहे. निवांत इडली खा. माणसं येईपर्यंत तिथंच बस."

"सरी, वैनी." तो खूश झाला. "तुम्ही काही कुणाला सांगणार नाही, मी म्हटलंच होतं. संध्याकाळी पुरणाची होळगी करणार ना?"

"करीन." तिचा आवाज हलला नाही. "सांबार गरम आहे का?"

तो सांबाराबद्दल बोलत राहिला. ती विचारत राहिली. चटणी कसली, गर्दी किती. गंगव्वानं तोंडाला पदर लावला होता. मग पलीकडे खुर्ची सरकली, कन्नडमध्ये कुणीतरी त्याचं पूर्ण नाव विचारलं.

"वैनी?" तो म्हणाला. मग हळू, "तुम्ही?"

"हो, मीच," वसुमती म्हणाली. "दोन्ही हात टेबलावर ठेव, बाळा. त्यांना दिसू देत."