पेटीचं कुलूप

मत्स्यशेतीच्या प्रशिक्षणाला आमच्या गावातून आम्ही दोघी-तिघी बायकाच गेलो होतो. उन्हाळे आता पहिल्यासारखे राहिले नाहीत. ढगाळ उकाड्यात पाण्यातली हवा कमी होते, मासे वर येऊन तोंडं उघडमीट करायला लागले की हवेचा पंप ताबडतोब चालू करायचा, हे मी तिथंच शिकले. घरी येऊन ह्यांना पटवलं. शेततळ्यावर हिरवी जाळी बांधली ती मी, रोहू-कटल्याची बोटाएवढी पिल्लं सोडली तीही मीच. पुढं पुढं खाद्याची बादली वाजली की मासे काठाशी यायचे. लोक हसायचे, मला मात्र भारी अभिमान होता.

पंप बसवायला आलेल्या माणसानं विचारलं, मोबाईलवरून चालू होतोय, नंबर कुणाचा घालू? माझा फोन माझ्याच हातात होता. तरी मी ह्यांचा नंबर सांगितला. आमच्याकडं मोटार, स्टार्टर सगळं पुरुषांचं. पंपाच्या स्टार्टरच्या पेटीला कुलूप लागलं आणि किल्ली ह्यांच्या करगोट्याला गेली.

वैशाखात हे म्हैस बघायला वडगावच्या बाजाराला गेले होते. दुपारी आभाळ भरून आलं, वारा पडला आणि तळंभर तोंडंच तोंडं दिसायला लागली. लाईट होती. मी फोन लावला, परत परत लावला. बाजाराच्या गलक्यात ह्यांना ऐकूच गेला नाही. मग घमेल्यानं पाणी उचलून वरून ओतत राहिले, हात उचलेनासे होईपर्यंत. संध्याकाळी हे आले तेव्हा पाणी दिसत नव्हतं, नुसती पांढरी पोटं.

गाव गोळा झालं. ज्यानं त्यानं ह्यांच्याच खांद्यावर हात ठेवला. मी मेलेले मासे घमेल्यात भरत होते. मला कुणी काही विचारलं नाही. एवढं शिकून मी अडाणीच राहिले.

हे ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. नुसतं पेटीकडं बघत म्हणाले, "कुलपावर दगड घालायचा न्हाय व्हय? कोण काय म्हणलं असतं?"

काठावर दगडांची रास होती. तळं खणताना निघालेले, मीच वेचून ठेवलेले. सगळी दुपार मी त्या राशीभोवती धावत होते. एकदाही मला ते सुचलं नाही.