कुपवाडातलं 'दोबर दान'

ड्रॉवरमध्ये सुटे स्क्रू कुणी न ठेवता साठतात ना, तसे आमच्या क्लासचे किस्से साठलेत. क्लास कसला? क्रोएशियन भाषेचा! आणि शिकवणारा कोण? तर जन्मभर वाईला शाळेत इंग्रजी शिकवून रिटायर झालेला मी! क्रोएशिया नकाशात शोधायला मला दोनदा चष्मा पुसावा लागला होता.

मुलाकडे सांगलीला राहायला आलो आणि शेजारच्या अण्णांनी मला गाठलं. अण्णांचं कुपवाडला वर्कशॉप. त्यांच्या ओळखीचे आठ-नऊ जण कामाला तिकडे निघालेले. व्हिडिओवर मुलाखत, आणि नमस्कार-चमत्कार अन् स्वतःची ओळख त्यांच्याच भाषेत द्यायची अट. "सर, तुमी शिकवा. भाषा ती भाषा!" अण्णा म्हणाले. वर्कशॉपच्या माडीवर संध्याकाळचा क्लास सुरू झाला. मोबाइलवर बघून बघून मी वर्गाच्या फक्त एक धडा पुढे असायचो. कधीकधी तेवढाही नाही.

* * *

काळजी एकाचीच होती, तानाजीची. शिराळ्याकडचा वेल्डर, हात सोन्याचा. कारखाना बंद पडून सात महिने घरी बसलेला, दोन मुली शाळेत. 'दोबर दान', म्हणजे नमस्कार, खणखणीत म्हणायचा. वर्गातल्या प्रत्येकाची ओळख करून द्यायचा. 'झोवेम से', म्हणजे माझं नाव, इथवर आलं की मात्र गाडी बंद!

"अरे, नाव सांग की स्वतःचं!"

"सर, आपल्याच तोंडानं आपलं नाव काय सांगायचं? आमच्यात संगतीचा मानूस सांगतो, हा आमचा तानाजी म्हणून. आपण नुसतं हात जोडायचं."

यापायी त्याच्या दोन मुलाखती गेल्या. तिसरी शेवटची, असं कंपनीनं कळवलं होतं. मला रागही यायचा आणि त्याच्या मुलीही आठवायच्या.

* * *

'काको स्ते?' म्हणजे कसे आहात? उत्तर एवढंच: 'दोब्रो, ह्वाला.' बरा आहे, धन्यवाद. विषय संपला!

आमच्यात एक सुभेदार होते. मूळचे साताऱ्याकडचे, मिलिटरीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. त्यांना विचारलं, "काको स्ते?"

"दोब्रो," म्हणाले, आणि पुढं मराठीत सुरू! डावा गुडघा, मेहुण्याचं ऑपरेशन, म्हैस दूध चोरायला लागली ते. दहा मिनिटांनी मी हात जोडले. "सुभेदार, तिथं एवढं सांगायचं नसतं."

"मग इचारत्यात कशाला?"

* * *

होमवर्क दिला: घरी दिवसातून दहा वेळा 'ह्वाला' म्हणायचं. दुसऱ्या दिवशी सुभेदार तोंड पाडून आले. बायकोनं भाकरी वाढली, यांनी 'ह्वाला' म्हटलं. तिनं अर्थ विचारला, यांनी सांगितला.

"आभार? मी काय हॉटेल टाकलंय व्हय?" म्हणाली, आणि दुसरी भाकरी वाढलीच नाही!

* * *

मुलाखतीचा सराव म्हणून मी खाली वर्कशॉपमध्ये जाऊन वर माडीवर व्हिडिओ कॉल लावला. सुभेदार स्क्रीनवर दिसले. मी साहेबी आवाजात 'दोबर दान' म्हटलं, आणि पुढच्या क्षणी स्क्रीनवर नुसतं बेल्टचं बक्कल! साहेब समोर आला की उठून सावधान, ही त्यांची जुनी सवय. चार वेळा बसवलं, चारही वेळा बक्कल. शेवटी खऱ्या मुलाखतीला मोबाइल कपाटावर ठेवला. गडी ताठ उभा राहून पास!

* * *

अण्णांना कुठं जायचं नव्हतं, पण चहा घेऊन वर्गात बसायचे. मी 'तुम्ही कुठले?' हा प्रश्न शिकवला. अण्णा वाट बघत राहिले.

"फुडचं कसं इचारायचं? कुणापैकी?"

"अण्णा, तो प्रश्न त्यांच्या धड्यात नाही."

"न्हाई?" अण्णांचा कप हातातच राहिला. "मग त्येंच्यात वळख पटती कशी?"

वर्गातलं एक वाह्यात पोरगं म्हणालं, "अण्णा, तिथं मानूस बघूनच वळखत आसतील!"

* * *

तानाजीची तिसरी मुलाखत त्याच्या घरी झाली, दुपारी. मी दाराआड उभा. तानाजी इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीवर. शेजारी कॉटवर त्याची आई. बायको सुनीता आत चहा करत होती. तीन महिने घरात धड्यातली वाक्यं ऐकून ऐकून तिची पाठ झालेली, हे मला त्या दिवशी कळलं.

स्क्रीनवर कंपनीच्या बाई आल्या. नमस्कार झाला. बाईंनी ओळख सांगा म्हटलं. तानाजी हात जोडून बसला. कान लाल. बाईंनी परत विचारलं. याचे हात जोडलेलेच! बाईंनी घड्याळ बघितलं, कागद गोळा करायला घेतले. संपलं, म्हटलं मी मनात.

एवढ्यात सुनीता चहाचा ट्रे घेऊनच स्क्रीनमध्ये शिरली. "दोबर दान! ओवो ये मोय मूझ!" नमस्कार, हा माझा नवरा!

बाईंचा चेहरा खुलला. कागद खाली ठेवले. "काको से झोवे?" त्यांनी सुनीतालाच विचारलं. काय नाव याचं?

सुनीतानं सासूकडं बघितलं. सासूनं सुनेकडं. सुनीतानं पदर सावरला, तोंड उघडलं, मिटलं. बाई हसून परत म्हणाल्या, "काको से झोवे?" सुनीताच्या डोळ्यांत पाणीच यायचं बाकी.

तानाजीला ते बघवेना. खुर्चीतून उठला आणि ओरडला, "झोवेम से तानाजी! तानाजी! वेल्डर! इझ इंडिये! द्रागो मी ये!" माझं नाव तानाजी, मी भारतातला, भेटून आनंद झाला! सगळं एका दमात!

बाईंनी टाळ्या वाजवल्या. दोन प्रश्न वेल्डिंगचे विचारले आणि कामावर कधी यायचं ती तारीख सांगून टाकली. मी दाराआड भिंतीला टेकलो. इतकं हलकं मला माझ्या रिटायरमेंटलाही वाटलं नव्हतं.

कॉटवरच्या म्हातारीला भाषेतलं काही कळलं नव्हतं, पण सून नवऱ्याच्या नावाला अडलीय हे बरोबर कळलं होतं. तिनं सुनेवरून दोन्ही हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली आणि म्हणाली, "सुटली गं बया माझी सून!"