प्रत घेतली आहे

एका चौकोनात बरोबरची खूण केली आणि पाइप घेऊन टँकरकडं पळाले — माझ्या आयुष्यातला हा सगळ्यात मोठा येडेपणा. आजवर कुणाला बोलले नाही. देवापुढंही हात जोडते ते दुसरंच काहीबाही मागायला. तुम्हाला सांगते.

आमच्या ह्यांनी निवृत्तीनंतर आमच्या आडनावाचं डोमेन घेतलं होतं. म्हणजे ईमेलच्या पत्त्यात शेवटी आमचंच आडनाव! हे, मी आणि जर्मनीतली आमची लेक नंदा — तिघांना एकेक पत्ता, एकेक पेटी. ते सांभाळायला वर्गणी घेणारी एक कंपनी होती. मी चिडवायचे, “पुंडलिकनगरात नळाला पाणी नाय, अन् ह्यांच्या टपालाला बंगला!”

मग ह्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. आवाज गेला. माझ्याशी खुणा करायचे. नंदाला मात्र दर रविवारी पत्र — लांबलचक. बोअरला किती बादल्या आल्या, पडेगावच्या रस्त्याला कुठली नवी इमारत उठली, आईनं आज कुणाशी भांडण काढलं. दीड वर्ष त्यांचं सगळं बोलणं असं नंदाच्या पेटीत जात होतं.

ते गेले. त्या वर्षी पुन्हा पाऊस नव्हता. कंपनीकडून वर्गणी भरायची आठवण आली, तेव्हा नंदा म्हणाली, “आई, मी भरते. तू काही हलवू नकोस.”

पण मी कसली ऐकते! गल्लीतल्या बायकांना मोबाइल शिकवणारी मी — लई शहाणी! दुसरीकडं फुकटात मिळत होतं. पेटी एकच, पण फुकट. जुनं खातं बंद केलं की तिन्ही पेट्या पुसल्या जाणार, म्हणून जुनी पत्रं तेवढी आधी आपली आपण उतरवून घ्यायची. नंदाचा पासवर्ड ह्यांच्या वहीत होताच. उद्या करू, म्हटलं. त्या उद्याचे पंधरा दिवस झाले.

जुनं खातं बंद करताना पडद्यावर वाक्य आलं — ‘सर्व पत्रांची प्रत घेतली आहे.’ शेजारी रिकामा चौकोन. तेवढ्यात टँकरचा भोंगा. चार दिवसांनी आला होता. मी खूण केली, बटण दाबलं, पळाले. दोन पिंपं भरली आणि त्या आनंदात चहा पण केला — काय म्हणावं त्या बाईला?

टँकरवर ढकलू का? नको. तो भोंगा वाजला नसता, तर मी थांबले असते? पंधरा दिवस ती पत्रं मी का उतरवली नाहीत? उतरवताना दिसली असती — म्हणून. मला खुणा आणि तिला पानंच्या पानं, हे मला डाचत होतं. पोटच्या पोरीचा हेवा केला मी.

दोन दिवसांनी नंदाचा फोन. पेटी उघडत नव्हती. बाबांचं एकही पत्र तिनं दुसरीकडं ठेवलं नव्हतं. मी म्हणाले, कंपनीच बुडाली गं. वर त्या कंपनीला चार शिव्याही घातल्या — अगदी मनापासून.

मग ती म्हणाली,

“बरं झालं आई, तुझ्या हातून नाही गेलं. तुझ्या हातून गेलं असतं, तर मला सोसवलं नसतं.”