डब्यांचं बारसं

माझा सगळा धंदा डब्यांचा. लातूरला क्लासेससाठी आलेल्या पोरांना मी दोन वेळचे जेवणाचे डबे देते आणि पोरांना डब्याच्या नंबरावरून ओळखते. बारा नंबरला वांगं चालत नाही. एकतीस नंबरची आई फोन करून विचारते, पोरगं जेवतंय ना नीट? पोरं दोन वर्षं राहतात आणि जातात, त्यांची नावं लक्षात ठेवून करायचं काय? नंबर निदान पुढच्याला देता येतो. त्यामुळे भाचीनं व्हिडिओ कॉलवर "आत्या, मला डब्यांना नावं द्यायचीत, तू मदत कर," असं म्हटलं तेव्हा मला वाटलं, ही माझ्या मेसची चेष्टा करते आहे.

भाची म्हणजे माझ्या धाकट्या भावाची मुलगी. नांदेडला वाढली, आता जर्मनीत नोकरीला आहे. तिथं तिला एक नाद लागलाय. जगभरातले लोक म्हणे छोटे छोटे डबे लपवतात आणि ते कुठं आहेत त्याचे अक्षांश-रेखांश वेबसाइटवर टाकतात. मग दुसरे लोक मोबाइल घेऊन ते शोधत फिरतात. डबा सापडला की आतल्या कागदावर सही करायची आणि तो होता तिथंच ठेवून द्यायचा. याला जिओकॅशिंग म्हणतात.

"घरी नेत नाहीत?" मी विचारलं.

"नाही."

"आत काही असतं?"

"कागद आणि पेन्सिल."

"मग शोधतात कशाला?"

"मजा येते," ती म्हणाली. रोज एवढ्या भाकरी कशाला थापतेस असं कुणी विचारलं तर मलाही धड सांगता येत नाही, म्हणून मी ते तिथंच सोडलं.

तिला नांदेड ते लातूर रस्त्यावर सात डबे लपवायचे होते आणि सातांची नावं एकाच माळेतली हवी होती. ती सुट्टीवर येऊन परत जाणार, आणि मागं डबा भिजला, हरवला तर बघणारं माणूस असल्याशिवाय वेबसाइटवाले मंजुरी देत नाहीत. नांदेडकडचे डबे तिच्या बाबांनी बघायचे, लातूरकडचे मी. "आणि नावं तू सांगायची," ती म्हणाली. "आत्याचा मान."

ती सहज बोलून गेली. मला मात्र तिचं बारसं आठवलं. बाळाच्या कानात 'कुर्र' करून नाव सांगायचा मान आत्याचा. मला भाची एकच, आणि तिच्या बारशाला मी घरात होते, पण पाळण्यापाशी नव्हते. वर्षभर आधी माझा नवरा गेला होता. विधवेनं पाळण्याला हात लावायचा नाही, असं ठरलं. मी मनाशी एक नाव ठरवून माहेरी गेले होते, ते तसंच घेऊन परत आले. पुढं कुणालाच सांगितलं नाही. भाचीला यातलं काही माहीत नव्हतं, आणि मान म्हणून ती मला देत होती काय, तर डबे.

मी हो म्हटलं.

पुढचे काही दिवस ती नावं पाठवत राहिली आणि मी ती परत पाठवत राहिले. आधी तिनं डाळी काढल्या, तूर, मूग, मसूर. मी म्हटलं, ही किराण्याची यादी झाली. मग रेल्वे स्टेशनं. म्हटलं, पूर्णा, मुदखेड, परभणी वाचलं की मला तिकिटाच्या रांगेत उभं राहिल्यासारखं वाटतं. मग देवींची नावं. त्यावर मी सरळ फोनच लावला. "डबा झुडपात कोंबणार आणि त्याला माहूरच्या देवीचं नाव देणार? मार खाशील."

ती वैतागली. "आत्या, मी तुला नाव ठेवायला सांगितलंय. तू नुसती नावं ठेवून राहिलीस."

बोलणं खरं होतं. नावं ठेवण्यात मी पटाईत आहे. सरावच तेवढा झालाय.

डिसेंबरात ती आली. मेसवर मदतनीस बाईला दोन दिवस बसवून मी एसटीनं नांदेडला भावाकडं गेले. हॉलमध्ये फरशीवर तिनं डबे मांडले होते. एकावर सिमेंट थापून त्याचा दगड केला होता. एक चेपलेल्या ऑइलच्या डब्यात बसवला होता, एक वाळलेल्या शेणकुटासारखा रंगवला होता. मी हातात घेऊन वास घेतला तेव्हा भाची खूश झाली.

"हेच पाहिजे," ती म्हणाली. "समोर असून कुणाचं लक्ष जाता कामा नये. लोकांना वाटलं पाहिजे, काहीतरी फालतू पडलंय. तरच डबा टिकतो."

"मग कचरू म्हण की याला," माझ्या तोंडून गेलं.

ती हसली. मी हसले नाही, कारण बोलल्यावर माझ्याच लक्षात आलं की माळ सापडली. ज्या घरात लेकरं जगत नाहीत, तिथं पुढच्या लेकराचं नाव मुद्दाम वंगाळ ठेवायची आपल्याकडं रीत होती. कचरू, दगडू, केरू, भिकू, उकंडी. काळ दारावरून जाताना आत डोकावला तर त्याला वाटावं, इथं काही नेण्यासारखं नाही. लेकरू सुपात घालून शेजारणीला द्यायचे आणि पसाभर कोंडा देऊन परत विकत घ्यायचे, म्हणजे ते आपलं राहिलंच नाही. त्याचं नाव मग कोंडिबा. सगळी लपवण्याचीच नावं. मी भाचीला हे सांगितलं तशी ती कागद न शोधता हातावरच लिहायला लागली.

दगडू सिमेंटचा. कचरू ऑइलच्या डब्यातला. उकंडी शेणकुटाची. भिकू, केरू, कोंडिबा. सहा झाले.

"आणि सातवा धोंडी!" भाची म्हणाली. "माझ्या नावाचा."

कागदोपत्री तिचं नाव वेगळं आहे, शाळेत घालताना भावानं दिलेलं. पण घरात ती धोंडीच. तिला वाटायचं, लहानपणी वजनाला भारी होती म्हणून.

"धोंडी न्हाई," मी म्हटलं.

"का? माळेतलंच तर आहे."

"न्हाई म्हणलं ना."

भाऊ तिथंच खुर्चीत बसला होता. तो उठून गाडीची चावी शोधायला लागला. निघायचं होतं दुसऱ्या दिवशी सकाळी.

सकाळी तिघं निघालो. लोह्याच्या अलीकडं भावाच्या ओळखीच्या एकाचं माळरान आहे, तिथं बांधावरच्या दगडांत दगडू गेला. कचरू एका गॅरेजमागं ठेवायचा होता. गॅरेजवाले चाचा हात पुसत आले, डबा उलटासुलटा करून पाहिला आणि भाचीनं नाव सांगितल्यावर त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. "हमारे अब्बा का नाम भी येइच था," ते म्हणाले. "उनके उप्पर के सब गुजर गए थे ना." मग डबा त्यांनी स्वतःच जागा बघून ठेवला, भंगार टायरांच्या आत, पाणी लागणार नाही असा. उकंडी एका शेताच्या कुंपणाला गेली.

अहमदपूरला चहाला थांबलो. हॉटेलवाल्यानं पाटीमागं भिकू अडकवायला परवानगी दिली आणि वर भजी खायचा आग्रह केला. भजी येईपर्यंत भाचीनं पुन्हा विचारलं, "आत्या, धोंडी का नको?"

मी सांगितलं. फार न सजवता सांगितलं. तिच्या आधी भावाची दोन लेकरं गेली होती, नाव ठेवायच्याही आधी. त्यामुळे ही जन्मली तेव्हा घरात आनंद कमी आणि भीती जास्त. धोंडी नाव आधीच ठरलेलं. कुर्र करायला शेजारची सवाष्ण आणली, जिची सगळी लेकरं जगलेली होती. आई मला म्हणाली, "तू आत बस, पुरणाकडं बघ. लेकराला काई झालं तर लोक तुलाच बोलतील." आई दुष्ट नव्हती. तिचं म्हणणं हिशेबात बरोबरसुद्धा होतं. मी चुलीपाशी बसले. बाहेर बायकांचा गलका झाला, कुर्र ऐकू आलं, मग रीतीप्रमाणे नाव सांगणारीच्या पाठीत धपाटे घातल्याचा आवाज आणि हसणं. पुरण खाली लागलं. ते मी गुपचूप खरवडून काढलं.

"आणि बाबा कुठं होते?"

"दारात. माझ्याकडं बघितलं त्यानं. मग पाण्याचा तांब्या उचलला आणि बाहेर गेला."

तो काही बोलला असता तर आईनं ऐकलं असतं असं नाही. पण तो बोलला नाही. मला राग आला होता, आणि हे लिहिताना तपासून बघितलं तर तो अजून आहे.

भाचीनं बापाकडं पाहिलं. भाऊ बशीतल्या चहाकडं बघत होता.

"भेलो हुतो गं," तो तिला म्हणाला. "दोन गेली हुती. ह्या हातानं नेली हुती. कुणी काईबी सांगावं आन् आपण हाव म्हणावं, असं झालं हुतं." मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "आक्का, चहा गार होऊन राहिला."

मी चहा प्यायले. त्याची भीती मला कळते, तेव्हाही कळत होती. कळल्यानं राग जातो असं लोक म्हणतात, त्यांचा राग बहुतेक लहान असावा.

भजी खाऊन निघालो. चाकूरच्या पुढं केरू ठेवला. लातूर आल्यावर डाळमिलच्या कंपाउंडला कोंडिबा ठेवला, आणि भुशाची धूळ अंगावर घेऊन आम्ही माझ्या मेसवर पोचलो.

सातवा डबा मेससमोरच्या कडुनिंबाच्या ढोलीत ठेवायचा होता. घरमालकांना मी आधीच विचारलं होतं. हा डबा भाचीनं रंगवला नव्हता. ती माझीच स्टीलची डबी होती, चटणीची, झाकण घट्ट बसतं म्हणून मी दिलेली. भावानं ती ढोलीत सरकवली, वर पालापाचोळा टाकला आणि गाडीतून पाण्याची बाटली आणायला गेला. भाची पायरीवर बसून फोनवर माहिती भरायला लागली.

"नावाचा रकाना रिकामा ठेवला तर पुढं जात नाही," ती म्हणाली. थोड्या वेळानं हळूच विचारलं, "आत्या, तू काय नाव आणलं होतंस?"

"ते डब्याचं नाव न्हाई."

"डब्यासाठी नाही विचारत."

मी उभीच होते. मेसच्या आत कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, मदतनीस बाई डाळीत मीठ विसरते म्हणून आत जाऊन बघायला हवं होतं. भाचीनं कानातलं ते वायर नसलेलं बोंडूक काढून खिशात टाकलं, केस कानामागं घेतले आणि मान वाकडी करून थांबली. तीस वर्षांची बाई, नोकरीवाली, पायरीवर कान पुढं करून बसलेली.

मला खाली वाकायला वेळ लागला, गुडघे दुखतात. पायरीचा कठडा धरला आणि तिच्या कानाशी तोंड नेलं. कुर्र म्हटलं. मग नाव सांगितलं. ते इथं लिहीत नाही. ते कानात सांगायचं होतं, कानात सांगितलं.

तिनं ते ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं. डोळ्यांतलं पाणी तिनं पुसलं नाही. तसंच खाली बघून फोनवर अंगठा चालवला आणि स्क्रीन माझ्याकडं फिरवली. सातव्या डब्याच्या नावापुढं तिनं लिहिलं होतं, 'कुर्र'.

मी अजून वाकलेलीच होते. भाऊ फाटकातून आत आला होता, हातात बाटली घेऊन. त्यानं आम्हा दोघींकडं पाहिलं. मला वाटलं, हा आता परत बाहेर जाणार. त्यानं बाटली खाली ठेवली, दोन पावलं पुढं आला आणि माझ्या पाठीत धपाटा घातला.

चांगला जोरात बसला.

"हळू की रे," मी म्हटलं, "लागतंय."

"लागू दे, आक्का," तो म्हणाला. हात त्यानं पाठीवरून काढला नाही.